२१४ प्रलंबित प्रकरणे

बँकेत मी बत्तीस वर्षे लोकांची थकबाकी वसूल केली. आता निवृत्तीनंतर घरी बसून स्वतःची मोजतो आहे. ही थकबाकी पैशांची नव्हे, खेळांची आहे. रीतसर मिळवलेले आणि एकदाही न उघडलेले २१४ व्हिडिओ गेम माझ्या नावावर पडून आहेत.

तुम्ही म्हणाल, हा काय या वयातला उद्योग? आमच्या सौभाग्यवतींचेही तेच म्हणणे आहे. फक्त त्या ते तुमच्याइतक्या मवाळ भाषेत म्हणत नाहीत.

वास्तविक मला बुद्धिबळापलीकडे काही नको होते. चिरंजीवांनी त्यासाठी 'स्टीम' या दुकानात माझे खाते उघडून दिले. हे दुकान अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली काढले. ते संगणकातच असते, त्यामुळे जायला चपला घालाव्या लागत नाहीत. पूर्वी तिथे किमती डॉलरात असत आणि त्यामुळे माझे चारित्र्य शाबूत होते. २०१५ च्या अखेरीस त्या रुपयांत दिसू लागल्या आणि घात झाला. त्यातून वर्षाला एक उन्हाळी सेल आणि एक हिवाळी सेल. हजाराचा गेम दीडशेला! अशा वेळी मध्यमवर्गीय माणूस दीडशे रुपये खर्च करीत नाही. तो साडेआठशे रुपये वाचवतो. मी असे पुष्कळ वाचवले. पुढे २०१८ च्या डिसेंबरात 'एपिक' नावाचे दुसरे दुकान निघाले. ते दर गुरुवारी फुकट गेम वाटू लागले. गुरुवारचा प्रसाद नाकारायचा नाही, हा आमच्या घरचा संस्कार.

खेळायचे केव्हा? अर्थात निवृत्तीनंतर. प्रत्येक गेम म्हणजे निवृत्तीच्या तारखेचा मी मलाच लिहून दिलेला चेक होता. कपाटातल्या न वाचलेल्या पुस्तकांचे आणि प्लॅस्टिक न फाडलेल्या दिवाळी अंकांचेही असेच असते. पण पुस्तक बिचारे गप्प बसते. तुम्ही किती मिनिटे खेळलात, हे मात्र दुकान प्रत्येक गेमपाशी लिहून ठेवते. शिवाय हे खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणजे नॉमिनेशनसुद्धा नाही! जे काय खेळायचे, ते मीच आणि हयातीतच.

निवृत्त झालो त्या आठवड्यात मी लांबट वही आणून रकाने आखले. अनुक्रमांक, गेमचे नाव, खरेदीची तारीख, लागणारे तास, शेरा. सरासरी वीस तास धरले तर ४२८० तास झाले. रोज दोन तासांप्रमाणे पाच वर्षे दहा महिने. त्यात 'द विचर ३' सारखे बडे खातेदार. त्याची नुसती मुख्य कथाच पन्नास तासांच्या घरात जाते. तेव्हा मी बँकेतला जुना उपाय काढला. प्रत्येक प्रकरणाला जास्तीत जास्त दोन तास. दोन तासांनी शेऱ्याच्या रकान्यात 'निकाली', आणि पुढचे प्रकरण.

पद्धत नामी होती. तीन आठवड्यांत १९ प्रकरणे निकाली निघाली. एका संध्याकाळी सौ.नी विचारले, "आवडला का आजचा?"

"निकाली काढला," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी."

मी वही चाळली. एकोणीसपैकी एकही गेम मला धड आठवेना. त्या दिवशीचा गेम होता 'जर्नी', मूळ २०१२ सालचा. लाल झगा घातलेली एक आकृती वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालत जाते, एवढीच गोष्ट. वाटेत दुसरी तशीच आकृती भेटू शकते आणि ती म्हणजे जगात कुठेतरी संगणकापुढे बसलेला खराखुरा माणूस असतो. बोलता येत नाही, नाव कळत नाही, नुसते बरोबर चालायचे. मला तसा सोबती भेटला होता. मी मागे पडलो की तो थांबत होता. आणि मी? दोन तास भरले, म्हणून शेवटचा चढ बाकी असताना संगणक बंद करून वहीत टिक केली होती.

विसावे प्रकरण निघाले 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप या अमेरिकन माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला हा गेम २०१३ साली आला, आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश अकादमीचे पारितोषिकही घेऊन गेला. मी उघडला आणि हसतच सुटलो. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२, महिना नोव्हेंबर. तुम्ही सरहद्दीवरच्या खिडकीत बसलेले कारकून. बाहेर ही लांब रांग. एकेकाचे कागद घ्यायचे, नाव, फोटो, तारीख, शिक्का जुळवायचा. हिरवा शिक्का म्हणजे या, लाल म्हणजे चालू लागा. लोक राक्षस मारायला गेम विकत घेतात आणि मी पैसे देऊन पुन्हा काउंटरवर बसलो होतो!

आणि काय सांगू, मी उत्तम कारकून निघालो. माणशी पाच क्रेडिट मिळतात. संध्याकाळी त्यातून घरभाडे, जेवण आणि शेकोटीचा खर्च. घरात बायको, मुलगा, एक काका आणि सासू. पैसे कमी पडले की कुणाचे औषध टाळायचे, हे आपणच ठरवायचे असते. हा प्रश्न मी सौ. खोलीत असताना सोडवत नाही. एक इरसाल म्हातारा तर हाताने रंगवलेला, कोब्रास्तान नामक देशाचा पासपोर्ट घेऊन आला. हाकलला तरी रागावला नाही. असे खातेदार आता कुठे राहिलेत?

पहिल्याच आठवड्यात एक नवरा आला. कागद चोख. जाताना म्हणाला, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा बरे वागा. मग ती आली. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नव्हता. ती विनवू लागली. मी आठ सेकंदांत लाल शिक्का मारला. पाच क्रेडिट जमा. पुढचा!

पुढचा आला खरा. माझा हात मात्र थांबला.

नोव्हेंबर हा बँकेत पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. अशाच एका नोव्हेंबरात एक आजी एसटीने खेड्यातून आल्या होत्या. एका कागदावर त्यांच्या नावापुढे 'बाई' होते, दुसऱ्यावर नव्हते. बाहेर रांग दारापर्यंत. मी म्हणालो, तहसिलीतून प्रतिज्ञापत्र करून आणा. त्या "बरं बाबा" म्हणाल्या, कागद पदराच्या टोकात बांधले आणि गेल्या. नियमाने मी बरोबर होतो. त्या परत आल्या की नाही, मला माहीत नाही. माझ्या काउंटरवर तरी आल्या नाहीत.

या गेमचे मर्म एका लहानशा चिठ्ठीत आहे. तुम्ही नियम मोडलात की टेबलावरचे यंत्र लगेच चूक छापून बाहेर फेकते. त्या बाईला आत घेतले तर चिठ्ठी येते. परत पाठवले तर येत नाही. नियम मोडून केलेल्या चांगुलपणाची नोंद होते. नियम पाळून केलेल्या निष्ठुरपणाची होत नाही. पोप यांनी यावर कुठेही प्रवचन झोडलेले नाही. ते फक्त तुम्हाला खुर्चीत बसवतात आणि रांग लांब ठेवतात. कादंबरीतला कारकून निष्ठुर वागला तर आपण त्याला नावे ठेवतो. इथे शिक्का आपल्याच हातात असतो. एवढे मात्र म्हणेन की, मधे सरकार उलथवणाऱ्या गुप्त मंडळींचे जे कथानक घुसते, ते मला सिनेमाछाप वाटले. ज्या गेममध्ये एका परवान्यावरून पोटात गोळा येतो, त्याला कटकारस्थानाची गरज काय?

दुसऱ्या दिवशी मी त्याच तारखेपासून पुन्हा खेळलो. या गेममध्ये तशी सोय आहे, बँकेत नव्हती. बाई आली, मी हिरवा शिक्का मारला. यंत्र टरटरले, चिठ्ठी आली. पण दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती समज मिळते, दंड नाही. म्हणजे त्या माणुसकीची किंमत एक कागदाची चिठ्ठी! मला तरी काय पडली असती? फार तर एक मेमो. बत्तीस वर्षांत तेवढा खर्च मला नक्की परवडला असता.

लांबट वही मी सौ.ना दुधाच्या हिशेबासाठी देऊन टाकली. गेम ही काही रांगेतली माणसे नव्हेत, हे मला कळते. पण रांग निकालात काढायची सवय लागली की आत कोण उभे आहे ते दिसेनासे होते. मग तो गेम असो, पुस्तक असो, नाहीतर आजी. 'जर्नी' पुन्हा पहिल्यापासून चाललो. या खेपेला सोबती नवा होता. तो मागे पडला तेव्हा मी थांबलो, आणि आम्ही डोंगरापर्यंत बरोबर गेलो.

'पेपर्स, प्लीज' अजून संपलेला नाही. त्याला म्हणे वीस वेगवेगळे शेवट आहेत. म्हणजे थकबाकी कमी व्हायची ती वाढलीच. आणि हो, हिवाळी सेल जवळ आला आहे. ही शेवटची ओळ सौ.ना दाखवू नये, ही विनंती.