आनंदपूरचा यती

रांग या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे. रेशनची साखर, रॉकेल, दुधाचं कार्ड, गॅसचा नंबर, गणपतीतलं एस.टी.चं रिझर्व्हेशन... आयुष्याचा बराच भाग मी कुणाच्या तरी पाठीकडे बघत काढला आहे. या सगळ्या रांगांकडून आमची अपेक्षा एकच असायची, ती म्हणजे त्यांनी संपावं. रांग हाच मुख्य कार्यक्रम आणि टोकाला मिळतं ती नुसती दक्षिणा, असं मानणारी माणसं जगात आहेत, हे मला पासष्टी उलटल्यावर, तेही फ्लॉरिडात कळलं.

आमचा पुतण्या तिकडे असतो. त्याने काका-काकूंना ऑरलँडोजवळच्या डिस्नेच्या ‘अ‍ॅनिमल किंगडम’मध्ये नेलं. ही बाग १९९८ साली उघडली. नाव प्राण्यांचं असलं तरी तिच्यात चक्क खंड आहेत. आफ्रिका ओलांडून आशियात शिरलो आणि सौ. एकदम थांबली.

"अहो, हे तर आपल्याकडचंच काहीतरी आहे!"

गावाचं नाव आनंदपूर. भिंतींना ओल, गिलाव्याचे पोपडे, डोक्यावर विजेच्या तारांचा गुंता, अर्धवट फाटलेल्या जाहिराती. पुतण्या मोठ्या अभिमानाने म्हणाला, "काका, यातली एकही भिंत जुनी नाहीये. पोपडे मुद्दाम पाडलेत. ओल रंगवलेली आहे."

मी काही बोललो नाही. आमच्या सोसायटीत हेच काम पावसाळा फुकट करून देतो, आणि मग आम्ही वर्गणी काढून ते झाकतो.

"याला इमर्शन म्हणतात," पुतण्या म्हणाला.

आता माझ्या माहितीत इमर्शनचे दोनच अर्थ. एक, बादलीत सोडायचा पाणी तापवण्याचा रॉड. आणि दुसरा, इंग्रजी पेपरात अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी छापून येतो तो. पण इथे माणसाचंच विसर्जन करायचं असतं. आपण तिकीट काढून आलो आहोत, बाहेर मोटार उभी आहे, हे त्याला विसरायला लावायचं. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड बांधताना वॉल्ट डिस्नेने भोवती मातीचा उंच बांध घातला, तो बाहेरचं जग आतून दिसू नये म्हणून. तेव्हापासून हा बांध घालण्याचं काम चालूच आहे.

आनंदपुराच्या पुढे हिमालय लागतो. म्हणजे एक राइड आहे, ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’, २००६ साली सुरू झालेली. डोंगराची उंची १९९.५ फूट. हा अर्धा फूट कुठे गेला? तर दोनशे फूट गाठलं, की विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागतो. हिमालयाच्या माथ्यावर लाल दिवा लुकलुकला की संपलं इमर्शन! तेव्हा नगाधिराजाने नियमापुढे अर्धा फूट मान तुकवली. मला हे फार आवडलं.

राइडची गोष्ट अशी. ‘रॉयल आनंदपूर टी कंपनी’ची चहा वाहणारी आगगाडी या डोंगरातून जायची. डोंगराचा राखणदार यती खवळला, अपघात झाले, गाडी बंद पडली. आता दोन उद्योगी माणसांनी ती प्रवाशांसाठी पुन्हा सुरू केली आहे. आपण ते प्रवासी. हे सगळं कुणी माइकवरून सांगत नाही. ते रांग सांगते. आधी बुकिंग ऑफिस, मग यतीचं मंदिर, मग गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान, मग यतीचं म्युझियम. तिथे पावलाचा ठसा, फोटो आणि फाडलेला तंबू. ओळीने पुरावेच पुरावे. मी रांगेत आहे हे मी खरोखरच विसरलो. रेशनच्या दुकानदाराला हे सुचलं असतं तर!

मंदिरापाशी सौ.ने चपला काढायला वाकून पाहिलं, मागचा लोंढा बघून विचार बदलला आणि उभ्या उभ्याच हात जोडले.

"काकू, ते खोटं आहे," पुतण्या पुटपुटला.

"असू दे. माझा नमस्कार खरा आहे."

आमच्या मागे एक गृहस्थ होते. वय माझ्याएवढंच, टोपीवर जागा मिळेल तिथे बिल्ले लावलेले. त्यांनी सौ.च्या नमस्काराकडे असं काही पाहिलं, की एखाद्या परीक्षकाला पैकीच्या पैकी द्यावेसे वाटणारा पेपर सापडावा. मग शेजारच्या दाढीवाल्या तरुणाकडे वळून ते म्हणाले, "बघ! हे त्या रांगेने केलं. यतीने नव्हे."

वाद आधीपासून चालू होता हे उघड होतं. दोघांची ओळख तासाभराची, पण भांडण मात्र भाऊबंदकीच्या तोडीचं. विषय असा, की या डोंगरात शेवटी जो यती आहे, दोन मजली घराएवढा, तो मुळात हात उगारून गाडीवर झेपावायचा. राइड सुरू झाल्यावर काही महिन्यांतच त्याची यंत्रणा बिघडली. तेव्हापासून तो जागच्या जागी, आणि त्याच्यावर लखलखणाऱ्या दिव्यांची उघडझाप, म्हणजे हलल्यासारखा भास व्हावा. चाहत्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘डिस्को यती’. डोंगराचे मुख्य रचनाकार जो रोडी यांनी २०१३ साली चाहत्यांच्या मेळाव्यात, आपण एक दिवस त्याला दुरुस्त करू, असा शब्द दिला होता. पण यती उभा आहे उंच मनोऱ्यावर, आणि त्याच्याभोवती डोंगर बांधून पूर्ण. २०२१ साली रोडी निवृत्त झाले. यती तसाच.

दाढीवाल्याचं म्हणणं, इतकी रांग, इतका थाट, आणि ज्याच्यासाठी सगळं तो पुतळा. ही फसवणूक आहे. त्यापेक्षा याच बागेतली २०१७ सालची ‘अवतार’ची राइड बघा. समोर पडदा आहे, पण आपण प्रचंड पक्ष्याच्या पाठीवर बसून उडतो. पडद्याला गंज चढत नाही.

"तो सिनेमा आहे," बिल्लेवाले कडाडले. "खुर्ची हलवली म्हणून सिनेमाचं दुसरं काही होत नाही. जी वस्तू तुमच्याच हवेत उभी आहे, तिची भीती वेगळी."

"पण ती हलत नाही!"

"हलायला कशाला हवी? तू तिथे पोचतोस तेव्हा ती तुझ्या डोक्यात हलायला लागलेली असते."

मग त्यांनी इतिहास काढला. म्हणे हे भांडण कारागिरांतलंच. १९६९ साली डिस्नेलँडमध्ये भुताचा वाडा उघडला. क्लॉड कोट्स यांना हवं होतं भारलेलं वातावरण, मार्क डेव्हिस यांना हव्या होत्या गमतीजमती. निकाल लागला नाही, म्हणून वाड्याचा पहिला भाग कोट्सचा, नुसता अंधार आणि दारं. आणि पुढचा डेव्हिसचा, हसवणाऱ्या भुतांचा. आमच्याकडे दोन भाऊ मध्ये भिंत घालतात, यांनी भुतंही वाटून घेतली.

मी मनातून बिल्लेवाल्यांच्या बाजूचा झालो. रंगवलेल्या पडद्यासमोर पुरुषाने शालू नेसून उभं राहावं आणि आमच्या आजोबांनी डोळे पुसावेत, असल्या घराण्यातला मी. मला पुतळ्याचं काय मोठंसं?

गाडी आली, बसलो, दांडा खाली आला. पुढचं जमेल तेवढं सांगतो. गाडी चढते, चढते, आणि माथ्यावर जाऊन थांबते. समोर रूळ उखडून वाकवलेले. पुढे आकाश. काही क्षण काहीसुद्धा होत नाही. माझ्या मते सबंध राइडमधली सगळ्यात उत्तम जागा हीच. गवयाने समेच्या आधी श्वास घ्यावा तशी. मग गाडी उलटी, पाठमोरी काळोखात शिरते, आणि तिथून पुढे माझे डोळे मिटलेले होते. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग असतो म्हणतात. माझ्या पोटाने तो जास्त मोजला.

उतरल्यावर दाढीवाल्याने मला साक्षीला ओढलं. "तुम्ही नवे आहात. खरं सांगा. यती पाहून काय वाटलं?"

मी समीक्षकाला शोभेल असा चेहरा केला आणि "वातावरण छान आहे," म्हणालो. सौ. म्हणाली, "यांचे डोळे मिटलेले होते." मराठीत म्हणाली, पण तिने डोळे मिटून दाखवले ते इंग्रजीतही कळलं.

म्हणून, केवळ अब्रूसाठी, दुसऱ्यांदा बसलो. पुन्हा तीच रांग, तेच मंदिर. सौ.ने पुन्हा नमस्कार केला. या खेपेला, लाज कशाला बाळगा, मीही केला. आणि डोळे उघडे ठेवले. शेवटच्या गुहेत तो दिसला. पांढुरका, केसाळ, अफाट, हात उगारलेला, आणि आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात लावतात तसले दिवे अंगावर घेत स्तब्ध. क्षणभरच दिसतो. पण मला बोचलं. पहिल्या खेपेला बोचलं नसतं. नमस्कार केला आणि मग बोचलं. लग्नघरी मांडव, सनई, पंगती, आणि अंतरपाटामागे नवऱ्याचा फोटो! तेव्हा दाढीवाल्याचं बरोबर होतं. रांग जितकी चांगली, तितकं टोकाला नुसतं काहीतरी ठेवून भागत नाही. वाईट रांगेच्या शेवटी हा पुतळा मी हसत हसत पाहिला असता. आपल्या भाषेत यती म्हणजे इंद्रियं जिंकलेला संन्यासी, त्या अर्थाने हा खरोखरीचा यती, वगैरे कोटी मला सुचली. पण ती मी कुणाला ऐकवली नाही.

बाहेर बिल्लेवाले बाकावर बसले होते. मी माझं बदललेलं मत त्यांना सांगितलं, जरा अपराधीपणानेच. ते भांडले नाहीत.

"मी २००६ साली त्याला हलताना पाहिलंय," ते हळूच म्हणाले. "तेव्हापासून दर वर्षी येतो. डावीकडे बसतो, उजवीकडे बसतो. एखादे वेळी हलेल."

म्हणजे रांग पुरे, यती कशाला हवा, असं तासभर ओरडणारा हा माणूस वर्षानुवर्षं यतीसाठीच येत होता!

मी हे सौ.ला मराठीत सांगितलं. तिने टोपीवरच्या बिल्ल्यांकडे एकदा नीट पाहिलं.

"त्यांना म्हणावं, आमचा पांडुरंग पण हलत नाही. पण त्याने कधी हात उगारला नाही, कमरेवर ठेवलेत."

पांडुरंग म्हणजे कोण, तो कुठल्या पार्कात असतो आणि रांग किती तासांची असते, असं त्यांनी विचारलं. वही काढली होती. मी आषाढीपासून सुरुवात केली.