‘हायब्रीड’ला हो म्हणणारे कोण?

मोटारगाड्यांच्या ग्राहकांची सर्वेक्षणे आणि त्यांचे निष्कर्ष वृत्तपत्रांतून वरचेवर वाचावयास मिळतात. ‘ग्राहकांचा कल हायब्रीडकडे’, ‘विजेच्या गाडीपेक्षा हायब्रीडला पसंती’ अशा आशयाचा मथळा, त्याखाली दोन-चार टक्केवाऱ्या आणि एखादा रंगीत आलेख, एवढाच मजकूर बहुधा असतो. किती लोकांना विचारले, ते कोण होते, प्रश्नाचे शब्द काय होते, हे शोधूनही सापडत नाही. ही सर्वेक्षणे खोटी असतात असे आमचे म्हणणे नाही. त्यातील उत्तरांवर त्यांना पेलणार नाही एवढा निष्कर्षांचा भार टाकला जातो, हा आमचा आक्षेप आहे.

हा आक्षेप केवळ पुस्तकी नाही. हायब्रीड गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विद्युत मोटर अशी दुहेरी सोय असते. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी गतिज ऊर्जा विजेत बदलून बॅटरीत साठवली जाते. अशा गाडीला सवलत द्यावी की नाही, यावर आपल्याकडे धोरण अनेकदा बदलले. १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेत सौम्य हायब्रीड गाड्यांनाही अनुदान होते. ते २०१७ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि मोठ्या हायब्रीड गाड्यांवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. विजेच्या गाड्यांवर तो १२ टक्के होता आणि ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये दर पुन्हा बदलले. अशा प्रत्येक वेळी ‘ग्राहकाला काय हवे’ हा मुद्दा पुढे केला जातो. तेव्हा हा ग्राहक कोण, हे विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

विचार नेमका व्हावा म्हणून आपण एक गाव समोर ठेवू. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, पुणे-पंढरपूर पालखी मार्गावर नातेपुते आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. शेजारी सदाशिवनगरला साखर कारखाना, भोवती उसाचे मळे, आणि रस्त्यावर एस.टी., वडापच्या जीपगाड्या, ट्रॅक्टर आणि असंख्य मोटारसायकली. ‘भारतीय ग्राहक’ या शब्दांत हे गाव बसते काय?

विचारले कोणाला?

डेलॉइट ही आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्था दरवर्षी अनेक देशांत मोटार-ग्राहकांचे सर्वेक्षण करते. भारतातील नमुना सुमारे एक हजार व्यक्तींचा असतो आणि त्या संगणकीय जाळ्यावरील ‘पॅनेल’मधून, म्हणजे प्रश्नावल्या भरण्यास आधीच राजी असलेल्या लोकांमधून, घेतल्या जातात. संस्था ही पद्धत आपल्या अहवालात स्पष्टपणे सांगते. बातमीत मात्र ती गळून पडते. अशा पॅनेलात शहरी, शिकलेला आणि सवड असलेला माणूस अधिक असणार हे उघड आहे. मोटार विकणाऱ्या कंपनीला कदाचित तोच माणूस हवा असेल, आणि तिच्यापुरते ते योग्यही आहे. चूक होते ती त्याला ‘भारतीय ग्राहक’ म्हणताना. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात शंभरातील सात-आठ कुटुंबांकडेच मोटारगाडी होती. दुचाकी मात्र जवळजवळ निम्म्या कुटुंबांकडे होती.

नमुना मोठा केला म्हणजे हा दोष जातो, असा एक गोड गैरसमज आहे. त्याला १९३६ सालचे अमेरिकेतील उदाहरण पुरेसे आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि त्यांपैकी चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या. त्यावरून लँडन ५७ टक्के मते मिळवून जिंकतील असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते पडली. पत्त्यांच्या याद्या घेतल्या होत्या त्या मुख्यतः दूरध्वनीच्या पुस्तकांतून आणि मोटारींच्या नोंदणीतून! मंदीच्या त्या काळात मोटार बाळगणारा माणूस साऱ्या देशाचा प्रतिनिधी नव्हता. शिवाय पत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या मतांतही फरक होता.

हाच धडा आपल्या मातीतही शिकता येतो. सातारा जिल्ह्यातील बूध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पादनाचा अंदाज काढण्याच्या पद्धतींवर मूलभूत काम केले. शेतात अगदी लहान वाफा आखून तेवढ्यातील पीक कापले, तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, असे त्यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. वाफ्याच्या सीमेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रसंग लहान वाफ्यात वारंवार येतो, आणि कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. असे हजार वाफे कापले तरी चूक कमी होत नाही, कारण प्रत्येक वाफ्यात ती एकाच दिशेने होते. योगायोगाने होणारी चूक नमुना वाढवून घटते. एका बाजूला झुकलेली चूक तशीच राहते. पॅनेलाचा झुकाव हा असाच, सीमेवरच्या ताटासारखा असतो.

‘हायब्रीड’ म्हणजे काय समजले?

दुसरा आक्षेप शब्दाविषयी आहे. ‘तुमची पुढची गाडी कोणत्या प्रकारची असावी?’ असे विचारून पेट्रोल-डिझेल, हायब्रीड, प्लग-इन हायब्रीड आणि विजेची असे पर्याय दिले जातात. उत्तर देणाऱ्याला यातील भेद ठाऊक आहेत असे येथे गृहीत धरलेले असते.

पूर्ण हायब्रीड गाडी काही अंतर केवळ विजेवर धावू शकते. सौम्य हायब्रीडमध्ये विद्युत यंत्रणा इंजिनाला फक्त हातभार लावते. तिच्यावर एकटीवर गाडी चालत नाही. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आली, ती पहिल्या प्रकारची. मारुती सुझुकीने २०१५ मध्ये आणलेली ‘सियाझ एसएचव्हीएस’ दुसऱ्या प्रकारची. दोन्हींना बाजारात ‘हायब्रीड’ हेच नाव. मग ‘हायब्रीड हवी’ म्हणणाऱ्या दोघांना एकच वस्तू हवी असेल याची खात्री कोण देणार?

आणि आमच्या या भागात तर ‘हायब्रीड’ हा शब्द मोटारीच्या किती तरी आधी येऊन बसला आहे. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले. उतारा भरपूर, पण भाकरीला मालदांडीची चव नाही आणि पावसात सापडले की कणीस काळे पडते, अशी त्याची कीर्ती झाली. तेव्हापासून ‘हायब्रीड’ म्हणजे दिसायला भरघोस पण कसाला कमी, असा अर्थ बोलीत रुजला. नाजूक प्रकृतीच्या मुलांनाही वडीलधारी माणसे ‘हायब्रीड पिढी’ म्हणू लागली. नातेपुत्याच्या बाजारात एखाद्या आजोबांना ‘हायब्रीड गाडी घ्याल का?’ असे विचारले आणि त्यांनी मान हलवून नकार दिला, तर तो नकार गाडीला आहे की ज्वारीला, हे प्रश्नावलीतील चौकोन सांगू शकत नाही.

ठाऊक नसलेल्या गोष्टीविषयीही लोक मत देतात, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील संशोधकांनी १९७० च्या दशकात अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याविषयी नागरिकांचे मत विचारले. सुमारे एक तृतीयांश लोकांनी अनुकूल किंवा प्रतिकूल मत नोंदवले! ‘मला माहीत नाही’ हा पर्याय ठळकपणे दिला की असे उत्तर देणाऱ्यांची संख्या बरीच घटते. म्हणून कोणत्याही सर्वेक्षणात हा पर्याय होता काय, हे पाहावयास हवे.

पसंती वेगळी, खरेदी वेगळी

प्रश्नात किंमत नसेल तर पसंती स्वस्त असते. भारतात २०२३-२४ या वर्षी विकल्या गेलेल्या मोटारगाड्यांत पूर्ण हायब्रीड गाड्या शंभरात सुमारे दोन होत्या. सर्वेक्षणात हायब्रीडला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण याच्या कितीतरी पट असते. यावरून ग्राहक खोटे बोलतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाडी महाग असेल, हवा तो नमुना मिळत नसेल, जवळ दुरुस्ती करणारा नसेल. परंतु पसंतीचा आकडा म्हणजे उद्याच्या विक्रीचा आकडा नव्हे, एवढे नक्की.

कारणांविषयीच्या प्रश्नांतही अशीच फसगत होते. २००७ मध्ये अमेरिकेतील एका बाजार-संशोधन संस्थेने प्रियस घेणाऱ्यांना कारण विचारले. ‘ही गाडी माझ्याविषयी काही सांगते’ असे ५७ टक्के लोक म्हणाले. इंधनाची बचत हे कारण एक तृतीयांशाहून थोड्या अधिक लोकांनी, तर कमी प्रदूषण हे सुमारे एक चतुर्थांश लोकांनी दिले. ‘लोक मिरवण्यासाठी हायब्रीड घेतात’ असा अर्थ त्यातून सर्वत्र काढला गेला. आता हे तीन आकडे मिळवून पाहा. बेरीज शंभराच्या वर जाते. म्हणजे एका व्यक्तीला एकाहून अधिक कारणे देता येत होती. ज्याने मिरवण्याचे कारण दिले त्यानेच बचतीचेही दिलेले असू शकते. दोन्ही कारणे परस्परांविरुद्ध उभी करण्यास त्या आकड्यांत आधार नाही.

दोन-तीन टक्क्यांची वाढ

‘हायब्रीडची पसंती गेल्या वर्षीच्या २२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर’ अशी बातमी आली असे समजू. दोन्ही वर्षी नमुना हजारांचा. अकरावी-बारावीचे विद्यार्थीही पुढचे गणित करू शकतील. प्रमाण ०.२५ असताना प्रमाण-त्रुटी म्हणजे ०.२५ × ०.७५ ÷ १००० याचे वर्गमूळ, सुमारे ०.०१४. तिची दुप्पट घेतली तर २५ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ तीन टक्क्यांची अनिश्चितता येते. दोन वर्षांच्या फरकात ती वाढून चार टक्क्यांच्या घरात जाते. तेव्हा तीन टक्क्यांची ‘वाढ’ ही निव्वळ योगायोगही असू शकते.

याच हजारांतून ‘ग्रामीण’ म्हणून ८० जण निवडले, तर अनिश्चितता साडेनऊ टक्क्यांवर जाते. मग ‘ग्रामीण भागात पसंती अमुक’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. आणि हे सारे गणित नमुना यादृच्छिक असेल तरच लागू पडते. पॅनेलाच्या बाबतीत ही अनिश्चितता किमान समजावी.

‘ॲव्हरेज’चा चकवा

गाडीविषयी आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज काय देते?’ सर्वेक्षणांतही ‘इंधनाची बचत’ हे कारण अग्रभागी असते. परंतु लिटरला किती किलोमीटर, हे माप बचतीविषयी दिशाभूल करते. लॅरिक आणि सोल या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवले. उदाहरण घ्या. वडापची जीप लिटरला १० ऐवजी १२ किलोमीटर जाऊ लागली, आणि दुसरी गाडी २० ऐवजी २८. बचत कोणाची जास्त? १५,००० किलोमीटरला जीपचे २५० लिटर इंधन वाचते, दुसऱ्या गाडीचे सुमारे २१४. जिच्या ‘ॲव्हरेज’मध्ये आठची उडी, तिची बचत कमी!

आता खऱ्या गाडीचे आकडे पाहू. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड विटाराच्या पूर्ण हायब्रीड प्रकाराचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, तर हाताने गिअर बदलण्याच्या सौम्य हायब्रीड प्रकाराचा २१.११ होता. १५,००० किलोमीटरला फरक सुमारे १७५ लिटरचा. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरल्यास वर्षाला १८ हजार रुपयांचा. दोन्हींच्या किमतीत तीन लाखांचे अंतर आहे असे धरले, तर ते भरून निघण्यास सोळा वर्षे लागतील. गाडी तिप्पट पळत असेल तर साडेपाच वर्षे पुरतील. शिवाय हायब्रीडचा लाभ वारंवार थांबत-निघत चालण्यात अधिक असतो, कारण ब्रेकची ऊर्जा तेथेच परत मिळते. पुण्याच्या गर्दीत दिवसभर फिरणारी गाडी आणि नातेपुत्याहून फलटणकडे एका वेगाने जाणारी गाडी यांचे गणित एक नव्हे. दोघांचे मत एकाच रकान्यात मोजणारे सर्वेक्षण ही माहिती पुसून टाकते.

तसेच इथेनॉलचे. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाने इथेनॉलवर चालू शकणाऱ्या हायब्रीड इनोव्हाचा नमुना दिल्लीत सादर केला. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ‘हायब्रीड की विजेची?’ असे विचारणे एक, आणि ‘उसापासूनच्या इंधनावर चालणारी हायब्रीड की विजेची?’ असे विचारणे दुसरे. दुसऱ्या प्रश्नात त्याच्या शेताचा भावही मिसळलेला आहे.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकांना आमची सूचना आहे की, हा विषय वर्गात प्रत्यक्ष करून पाहावा. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. एका गटाने पंचवीस घरी ‘तुम्हाला हायब्रीड गाडी आवडेल का?’ एवढेच विचारावे. दुसऱ्या गटाने दुसऱ्या पंचवीस घरी आधी दोन वाक्यांत हायब्रीड म्हणजे काय ते सांगावे, जादा किंमत सांगावी, ‘माहीत नाही’ हा पर्याय द्यावा आणि मग विचारावे. घरे सोयीने न निवडता यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडावीत. पालखीच्या मुक्कामाच्या दिवशी स्टँडवर उभे राहून विचारले तर उत्तरे कोणाची मिळतील, याचीही चर्चा व्हावी. पंचवीस घरांवरून गावाचे मत कळणार नाही, हे गणिताने त्यांनाच काढू द्यावे; पण शब्द बदलला की उत्तर कसे बदलू शकते, हे मात्र त्यांच्या लक्षात येईल.

वृत्तपत्रातील पुढच्या मथळ्यापाशी विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत: कोणाला विचारले, नेमके काय विचारले, किंमत सांगितली होती काय, आणि फरक अनिश्चिततेपेक्षा मोठा आहे काय. या चारांची उत्तरे बातमीत नसतील, तर त्या टक्केवारीवरून देशाचे मत ठरवू नये, आणि नातेपुत्याचे तर नाहीच नाही.