फुगा कोणी फुगवला?

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शालेय विज्ञान प्रदर्शनांत जेट इंजिनाची प्रतिकृती म्हणून आम्ही बहुधा एकच वस्तू पाहत आलो आहोत : ताणलेल्या दोऱ्यावरून सुळकन जाणारा फुगा. शेजारी न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा तक्ता. प्रयोग स्वस्त आहे, हमखास जमतो, आणि पुढे जाण्याचा रेटा कसा मिळतो हे चांगले दाखवतो. आमची तक्रार वेगळीच आहे. गाल फुगवून फुग्यात हवा भरणारा विद्यार्थी तक्त्यात कुठेच नसतो! इंजिनात त्याचे काम कॉम्प्रेसर करतो. आधी दाबलेल्या हवेत इंधन जाळले, तरच तिच्या प्रसरणातून पुरेसे काम मिळते. उघड्यावर जाळले तर नुसती ज्योत.

हे शिकवण्याचे साधन आपल्या दाराशी आहे. औंध संस्थानात १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. आज उसाच्या प्रत्येक पट्ट्यात तो दिसतो. त्याचा फिरता पंखा पाणी मध्यातून घेऊन कडेला भिरकावतो. भोवतालच्या रुंदावत जाणाऱ्या शंखाकृती कवचात पाण्याचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. (वाट रुंदावली की दाब कमी होतो, असे अनेक विद्यार्थी ठामपणे सांगतात. इथे ते थांबवावेत.) कानपूरला बनणाऱ्या डॉर्निअर २२८ या छोट्या विमानाच्या टीपीई-३३१ इंजिनातही असेच दोन पंखे एकामागे एक असतात. फक्त तिथे पाण्याऐवजी हवा असते.

या ‘फक्त’मध्येच खरा धडा आहे. पंपाने हवा धरली की तो फिरतो, पण पाणी उचलत नाही. का? ३० मीटर पाणी चढवणारा पंप हवेवर चालवला, तर तो हवेचाही ३० मीटरचाच स्तंभ पेलेल. हवा पाण्याच्या सुमारे आठशे पट हलकी. म्हणजे हा दाब जेमतेम पावणेचार सेंटिमीटर पाण्याएवढा! उपाय एकच, वेग. पंप मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेतो, तर टीपीई-३३१ चे पंखे ४१ हजारांहून अधिक. वेग चौदापट झाला, की पंख्याची उचल वेगाच्या वर्गाने, सुमारे दोनशे पट वाढते. हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर सहज होते.

अर्थात पंपाची उपमाही एका जागी तुटते, आणि ते लपवू नये. दाबल्याने पाणी फारसे तापत नाही, हवा तापते. १५ अंश सेल्सिअसची हवा दहापट दाबापर्यंत नेली, तर काहीच ऊर्जा वाया न जाताही ती २८० अंशांच्या आसपास पोचते. म्हणूनच टर्बाइनच्या शक्तीचा निम्म्याहून मोठा वाटा कॉम्प्रेसरच गिळतो. फुग्याच्या प्रयोगात या खर्चाचा पत्ताच लागत नाही.

तेव्हा फुगा राहू द्यावा, पण शेजारी पंप दुरुस्तीच्या दुकानातून आणलेला एखादा जुना पंखा ठेवावा. एखादी चौकस मुलगी विचारेलच, की मोठ्या विमानांच्या चित्रात तर पात्यांच्या रांगा दिसतात, त्या इथे का नाहीत? लहान इंजिनात शेवटच्या रांगांची पाती फारच आखूड करावी लागतील. पाते आणि कवच यांच्यातील फट मात्र त्या प्रमाणात कमी करता येत नाही, आणि दाबलेली हवा तिथूनच मागे निसटते.