खोटा नॉईज: ट्रिक्सी फॉन्टच्या निमित्ताने

माझ्या पहिल्या कॉन्फरन्सच्या पोस्टरला मी झिजलेल्या टाइपरायटरसारखा फॉन्ट लावला होता. शीर्षकापुरता ठीक होता, पण हौसेने तक्त्यातले आकडेही त्यातच टाकले. परीक्षकांनी ०.२५ वर बोट ठेवून विचारलं, "हे दशांशचिन्ह आहे की शाईचा डाग?" उत्तर माहीत होतं, तरी चेहरा पडलाच.

असे फॉन्ट तुम्हीही पाहिले असतील. त्यातला गाजलेला म्हणजे ट्रिक्सी. डच डिझायनर एरिक व्हान ब्लोकलंड यांनी तो खऱ्या टाइपरायटरच्या छापावरून केला, १९९१ मध्ये. पुढे ‘द एक्स-फाइल्स’ मालिकेच्या नावासाठी तो वापरला गेला आणि ‘गुप्त फाइल’ म्हटलं की हेच अक्षर, असं समीकरण झालं.

आता जरा यंत्राकडे बघू, कारण इथे आपल्या कामाची गोष्ट आहे. टाइप केलेल्या कागदावर दोन जातींच्या चुका असतात. खिळ्याचा कोपरा तुटला असेल, किंवा दांडी वाकून एखादं अक्षर किंचित वर बसत असेल, तर ते दर वेळी तसंच उमटतं. ही सिस्टिमॅटिक एरर. बोटाचा जोर आणि रिबिनीवरची शाई मात्र ठोक्याठोक्याला बदलते. ती रँडम. कॉनन डॉयलच्या १८९१ च्या ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’ कथेत होम्स टाइपरायटर ओळखतो तो पहिल्या जातीच्या चुकांवरून; दुसरीचा त्याला काही उपयोग नसता.

साध्या फॉन्टमध्ये एका अक्षराची एकच आकृती असते. त्यामुळे झिजलेला खिळा तो अगदी बरोबर दाखवतो, तिथे माझी तक्रार नाही. फसतो तो शाईच्या बाबतीत. असा एखादा फॉन्ट घेऊन इंग्रजीत ‘मिसिसिपी’ टाइप करा. चारही ‘एस’ त्याच जागी फिकट, त्याच जागी डागाळलेले. रँडम एरर सिस्टिमॅटिक होऊन बसली!

ब्लोकलंड यांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. ट्रिक्सीच्या आधीच त्यांनी युस्ट फान रॉसुम यांच्यासोबत बेओवोल्फ केला होता. त्यात छापताना अक्षरांच्या कडा दर वेळी वेगळ्या निघायच्या. ट्रिक्सीच्या नंतरच्या एचडी आवृत्तीत तर एकेका अक्षराची अनेक रूपं आहेत, ती आलटूनपालटून येतात. म्हणजे दोष मूळ कारागिराचा कमी, फुकटच्या नकलांचा जास्त.

माझा खरा आक्षेप वापराला आहे. मालिकेतली फाइल काल्पनिकच असते, तिथे हा वेष शोभतो. पोस्टरवर मात्र तो वाचकाला सांगतो, की हे जुन्या दप्तरातून निघालेलं अस्सल आहे. तुमचा डेटा तर मागच्या महिन्यात स्पेक्ट्रोमीटरमधून आलाय. त्यात खरा नॉईज आधीच आहे, एरर बार त्यासाठीच काढतो ना आपण? वर हा दुसरा कशाला?

पोस्टर मी पुन्हा छापून घेतलं. आकडे साध्या फॉन्टमध्ये केले. शीर्षक तसंच ठेवलंय, ते मला अजून आवडतं.