संक्रमणशील अर्थव्यवस्था आणि खुलेपणाचे मोजमाप

व्यापारातील खुलेपणा व परकीय थेट गुंतवणूक वाढली की आर्थिक वाढ वेग घेते, हे विधान पूर्व युरोपातील संक्रमणशील अर्थव्यवस्थांच्या संदर्भात वारंवार केले जाते. ते सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. परंतु ज्या मापांवर ते उभे आहे, त्यांची चिकित्सा अभावानेच होते.

जेफ्री सॅक्स व अँड्र्यू वॉर्नर यांचा १९९५ सालचा निर्देशांक सर्वपरिचित आहे. देश खुला की बंद हे ठरविण्यासाठी त्यात पाच निकष असून, समाजवादी अर्थव्यवस्था असलेला देश बंद समजावा, हा त्यांपैकी एक होय. साहजिकच पोलंड वा हंगेरी 'खुला झाला' या निष्कर्षात 'तो समाजवादी राहिला नाही' हे आधीच गृहीत असते. मग खाजगीकरण, किंमतींवरील नियंत्रणे उठविणे, बँकव्यवस्थेची फेररचना या साऱ्यांचे श्रेय एकट्या व्यापाराच्या खात्यावर जमा होते.

आयात-निर्यातीचे राष्ट्रीय उत्पादनाशी असलेले गुणोत्तर त्यामानाने निर्दोष वाटते. पण तेही फसवे आहे. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन झाले. प्रागहून ब्रातिस्लाव्हाला जाणारा जो माल आदल्या दिवशी अंतर्गत व्यापारात मोडत होता, तोच आता निर्यात ठरला. व्यापारधोरण अधिक उदार न होताही खुलेपणा वाढला!

गुंतवणुकीचे आकडेही असेच तपासावे लागतात. १९८९ साली जनरल इलेक्ट्रिकने टुंग्सराम या हंगेरियन दिव्यांच्या कंपनीतील बहुसंख्य भाग घेण्याचा करार केला. अशा व्यवहारात मालक बदलतो. नवी उत्पादनक्षमता आपोआप निर्माण होत नाही. ग्योर येथील ऑडीच्या इंजिन कारखान्याची गोष्ट वेगळी. तिथे नवी क्षमता निर्माण झाली. मात्र बाहेरून आलेल्या सुट्या भागांपासून बनलेली इंजिने पुन्हा बाहेर जातात, त्यामुळे एकच कारखाना गुंतवणूक, आयात व निर्यात या तिन्ही आकड्यांत दिसतो. गुंतवणूक आणि खुलेपणा यांना एकाच समीकरणात दोन स्वतंत्र कारणे म्हणून मांडणारा अभ्यासक ही गोष्ट नजरेआड करतो.

स्लोव्हेनियाने परकीय मालकीबाबत बराच काळ सावध धोरण ठेवले. तरीही २००४ मध्ये युरोपीय संघात आलेल्या दहा देशांपैकी युरो प्रथम त्यानेच, २००७ मध्ये, स्वीकारला. अर्थात तो युगोस्लाव्हियातील सर्वांत संपन्न घटक होता, हे विसरता येत नाही. आणि २०१३ मध्ये त्याच देशातील सरकारी बँकांना सार्वजनिक निधीतून वाचवावे लागले, हेही नाही.