दुसरा कंट्रोलर

भाईंदर पूर्वेला आमच्या सोसायटीच्या जिन्यात सध्या पोरांची एकच चर्चा : पुढच्या प्लेस्टेशनचा कंट्रोलर कसा असेल? स्टिकमध्ये म्हणे चुंबक येणार! मुलगी पाहण्याआधी बारशाचे पेढे वाटायची ही आपली जुनी खोड.

चुंबक यावा, हे मात्र खरं. आताच्या स्टिकखाली पट्टी घासते. ती झिजली की पडद्यावरचा पैलवान न सांगता चालू लागतो. चुंबकाला घासणंच नाही. पण २०२५ च्या स्विच २ मध्ये तो येणार, अशीही वदंता होतीच. नाही आला.

मला विचाराल तर भाकीत वेगळंच करावं : खोक्यात दुसरा कंट्रोलर असेल का? प्लेस्टेशन ५ च्या साध्या खोक्यात एकच मिळतो. १९८३ च्या फॅमिकॉमला दोन होते, पण दुसऱ्याला स्टार्टचं बटणच नव्हतं! आमच्याकडे त्याचीच नक्कल होती. दुसरा अर्थातच धाकट्याचा. तहान त्याला लागली तरी खेळ थांबवायचा मी.

आता पदरचे पैसे घालून मी दुसरा आणलाय. बटणं दोन्हींना सारखी. परवा धाकटा आला, खेळायला बसलो. चहा आला, तसा तो सवयीनं म्हणाला, "दादा, थांबव ना."