नांदेडचा झाडू, लातूरची सेल्फी आणि तुमचा संशोधन प्रश्न

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी विषय निवडण्यावर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं: "सर, नेते आणि चॅनलवाले फालतू वादात अडकलेत, यावर काम करायचंय." वैताग खरा आहे. मलाही येतो. पण "फालतू" हा शब्द जसाच्या तसा प्रस्तावात गेला, तर पहिला प्रश्न येईल: फालतू म्हणजे काय, आणि ते ठरवणारे तुम्ही कोण? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या दोन घटनांवरून शोधू.

घटना पहिली: विष्णुपुरी, ऑक्टोबर २०२३

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यात १२ नवजात बालकं होती. पुढच्या दिवसाचे धरून ४८ तासांत हा आकडा ३१ वर गेला. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावलं. व्हिडिओ पसरला, गुन्हा दाखल झाला, त्यात ॲट्रॉसिटीचं कलमही लागलं. मग काय, खासदार बरोबर की डॉक्टर बरोबर, यावर चर्चा रंगली.

आता त्याच आठवड्यात पुढे आलेली बाकीची माहिती बघा. मंजूर खाटा सुमारे ५०० आणि दाखल रुग्ण हजारावर. नवजात अतिदक्षता विभागात जागा २४ बालकांची आणि दाखल ६५. औषध खरेदीचं काम हाफकिनकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे द्यायचं ठरलेलं. त्यासाठी २०२३ मध्ये कायदाही झालेला. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा रिक्त पदांचा मुद्दा आला आणि या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नाही हेही समोर आलं. खाटेवरच्या लेकराचा संबंध या गोष्टींशी होता. पण प्राधिकरणाच्या रिकाम्या खुर्चीचा व्हिडिओ कोण बघणार?

घटना दुसरी: लातूर, एप्रिल २०१६

मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तर श्रेय कुणाचं यावर चढाओढ. त्याच महिन्यात तेव्हाचे महसूलमंत्री एकनाथ खडसे यांच्या हेलिपॅडवर धूळ उडू नये म्हणून १० हजार लिटर पाणी मारल्याची बातमी आली. पाठोपाठ तेव्हाच्या जलसंधारण मंत्री पंकजा मुंडे यांच्या मांजरा पात्रातल्या सेल्फीवर वाद पेटला.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने करायचं काम साधं आहे: भागाकार. पहिल्या रेल्वेला १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३.८२ लाख. माणशी आलं साधारण १.३ लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, तेव्हाही एका खेपेला माणशी साडेसहा लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण निकष आहे दिवसाला माणशी १३५ लिटर.

हा एक आकडा प्रत्येक बातमीत असता, तर रेल्वेचं खरं माप लोकांना कळलं असतं. रेल्वे गरजेची होती, यात वाद नाही. पण तहान भागवायला ती पुरेशी कधीच नव्हती. लाखांच्या वस्तीचं शहर एकाच धरणावर का ठेवलं, आणि धरणात पाणी होतं त्या वर्षांत उसाने किती घेतलं, हे प्रश्न माणशी १.३ लिटरच्या आकड्यातून आपोआप निघतात. सेल्फीतून ते निघत नाहीत.

मग फालतू कशाला म्हणायचं?

मी एक कसोटी सुचवतो. समजा, हा वाद उद्या पूर्ण मिटला. खाटेपाशी किंवा नळापाशी काय बदलेल?

खासदारांनी माफी मागितली असती, तरी अतिदक्षता विभागात २४ बालकांच्या जागेत ६५ बालकंच राहिली असती. सेल्फी काढलीच नसती, तरी मांजरा कोरडंच होतं. हेलिपॅडचे १० हजार लिटर म्हणजे एका वाघिणीचा पाचवा हिस्सा. संताप यावा अशीच ती गोष्ट होती, पण ते पाणी वाचलं असतं तरी लातूरची टंचाई हटली नसती.

आता दुसरी बाजू. रुग्णालयातलं शौचालय घाण होतं, ही बाब फालतू आहे का? मुळीच नाही. सफाई कामगारांची पदं किती मंजूर, किती भरलेली, कंत्राट कुणाकडे, जंतुसंसर्गावर नियंत्रण कसं ठेवतात, हे सगळं त्या शौचालयाच्या दारात उभं राहून विचारता आलं असतं. एका वरिष्ठ डॉक्टरला असं वागवणं हाही गंभीरच विषय, कायद्याने त्याची दखल घेतली ते योग्यच. म्हणजे विषय क्षुल्लक नव्हता, त्यावर विचारलेला प्रश्न क्षुल्लक होता. "कोण जिंकलं?" असा प्रश्न एकदा पडला की घाणही राहते आणि अपमानही.

तुमच्या कामासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. वर्गीकरण विषयाचं करू नका, बातमीने विचारलेल्या प्रश्नाचं करा.

असं का होतं?

गाल्टुंग आणि रूगे यांनी १९६५ मध्ये नॉर्वेच्या वर्तमानपत्रांतल्या परदेशी बातम्या तपासून, कोणती घटना बातमी बनते याचे काही निकष मांडले. व्यक्तीभोवती फिरणारी, नकारात्मक आणि एका दमात समजणारी घटना पुढे जाते. झाडूला चेहरा आहे, औषध खरेदीच्या फायलीला नाही. पुढे मॅककॉम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत चॅपेल हिलच्या १०० कुंपणावरच्या मतदारांना विचारलं आणि माध्यमांनी ठळक केलेले मुद्देच त्यांनाही महत्त्वाचे वाटतात, असा जवळचा संबंध त्यांना दिसला. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. "लोकांना तेच बघायचं असतं" असं संपादक म्हणतात, त्यालाही हाच नियम लागू. दोन्ही दावे तपासायचेच आहेत.

नेत्यांचं गणित मात्र सोपं आहे. झाडूवरून झालेल्या वादाला दोन दिवसांचं आयुष्य असतं आणि दोन्ही बाजूंना त्यात टाळ्या मिळतात. रिक्त पदांचा प्रश्न काढला, तर आज सत्तेत असलेल्यांना उत्तर द्यावं लागतं आणि काल असलेल्यांनाही. म्हणून त्या प्रश्नाला वाली नाही.

करायचं कसं?

१ ते १५ ऑक्टोबर २०२३ हे पंधरा दिवस घ्या. दोन दैनिकांच्या नांदेड आवृत्त्या ठरवा. प्रत्येक बातमीचा मुख्य प्रश्न कोणता, याची नोंद करा: कुणी काय बोललं, दोषी कोण, यंत्रणेत काय कमी होतं, पुढे काय होणार. व्याख्या आधी लिहा, बातम्या नंतर उघडा; नाहीतर जे शोधायचंय तेच सापडत जाईल. दोघांनी स्वतंत्रपणे नोंदी करा आणि कोहेनचा कप्पा काढून तुमच्यात किती एकमत आहे ते बघा. मैत्रिणीला तीच बातमी वेगळी दिसली, तर तिला समजावत बसू नका, व्याख्या दुरुस्त करा.

तुलना पण ठेवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळच्या कळवा रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले होते. तिथे झाडूचा व्हिडिओ नव्हता. मग तिथल्या बातम्यांनी यंत्रणेबद्दल जास्त विचारलं का? उत्तर "नाही" आलं, तर आपल्या आवडत्या गृहीतकाला धक्का बसेल. बसू द्या.

आणि छेद विसरू नका. "२४ मृत्यू" हा अंश झाला. दाखल किती, त्यातले अत्यवस्थ किती, इतर दिवशीची सरासरी किती, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. सरकार म्हणतं रुग्ण शेवटच्या टप्प्यात आले होते, विरोधक म्हणतात औषधं नव्हती. छेद नसला की दोघांचंही खपून जातं.

त्या १२ बालकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्या वतीने ओरडणारे पुष्कळ झाले. विष्णुपुरीतच आपलं विद्यापीठ आहे, रुग्णालयही तिथलंच. पंधरा दिवसांची वर्तमानपत्रं ग्रंथालयात बसून नीट मोजणारं कुणीतरी एक पुढे यावं, एवढंच म्हणणं आहे.